बातमीचा हक्क ओळखपत्राला बांधू नका

'हातात मोबाइल आला म्हणजे कुणी पत्रकार होत नाही.' पत्रकार दिनाच्या व्यासपीठावर, अधिकाऱ्यांच्या बैठकीत, पुढाऱ्यांच्या भाषणात आणि अलीकडे काही ज्येष्ठ संपादकांच्या तोंडीही हे वाक्य सारखे ऐकू येते. पाठोपाठ मागणी येते ती अशी: युट्यूबवर बातम्या देणारे, पोर्टल चालवणारे, राजकीय ब्लॉग लिहिणारे अशा सगळ्यांची सरकारदरबारी नोंदणी करा, आणि नोंदणी नसेल त्याला 'बोगस पत्रकार' ठरवून आवर घाला. या मागणीला आता इतका मान मिळू लागला आहे की तिचा सविस्तर प्रतिवाद करणे मला गरजेचे वाटते.

मागणी करणारे सगळेच वाईट हेतूचे नाहीत. त्यांचे तीन आक्षेप आहेत. पहिला, या मंडळींना प्रशिक्षण नसते आणि त्यातले काही जण बूम पुढे करून खंडणी मागतात. दुसरा, ते अफवा पसरवतात आणि अफवेने माणसे मरतात. तिसरा, त्यांच्यावर ना संपादक असतो ना संस्था, त्यामुळे जाब विचारायचा कुणाला हेच कळत नाही. तिन्ही आक्षेपांत तथ्याचा अंश आहे. पण त्यावर सुचवलेला नोंदणीचा उपाय साफ चुकीचा आहे. त्याने खंडणी थांबणार नाही, अफवा थांबणार नाहीत आणि उत्तरदायित्वही येणार नाही. थांबेल ती फक्त बातमी.

आधी मुळाकडे जाऊ. वृत्तपत्र स्वातंत्र्य असे वेगळे कलम आपल्या राज्यघटनेत नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हा प्रश्न निघाला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याचे स्वच्छ उत्तर दिले. वृत्तपत्र म्हणजे नागरिकच. संपादक किंवा व्यवस्थापक लिहितो तेव्हा तो नागरिक म्हणून आपला अभिव्यक्तीचा हक्क बजावत असतो, म्हणून वेगळ्या तरतुदीची गरज नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कलम १९(१)(अ) मधला हक्क नागरिकाचा आहे. दैनिकाच्या संपादकाला तो नागरिक असल्यामुळे मिळतो. म्हणजे 'आधी पत्रकार असल्याचे सिद्ध करा, मग बोला' असे सांगणारा माणूस घटनेची मांडणीच उलटी करतो. अधिस्वीकृती पत्रिका ही सरकारने दिलेली सोय आहे. ती असली की मंत्रालयात जाता येते, प्रवासात सवलत मिळते. तिला बातमी देण्याच्या हक्काचा दाखला समजणे ही आपली मोठी गफलत आहे.

मराठी पत्रकारितेचा इतिहासही या मागणीच्या विरोधात उभा आहे. १८३२ साली 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणारे ऐन विशीतले विद्वान होते. पत्रकारितेचे शिक्षण देणारी संस्थाच तेव्हा नव्हती. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि १८४८ पासून त्यांनी भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' या नावाने शतपत्रे लिहिली. स्वतःच्या समाजाचे इतके परखड परीक्षण करणारा तो लेखक आजच्या निकषाने टोपणनावाने लिहिणारा ब्लॉगर ठरला असता. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेतली विद्यार्थिनी होती. तिला कोणत्या समितीने अधिस्वीकृती दिली असती? १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला, हे खुद्द आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे. त्या काळच्या प्रतिष्ठित पत्रसृष्टीच्या संमतीवर नव्या वृत्तपत्राचे भवितव्य सोपवले असते, तर 'मूकनायक' निघालाच नसता. प्रस्थापित माध्यमांना ज्यांची दखल घ्यावीशी वाटली नाही, त्यांनी स्वतःचे माध्यम उभे केले. मराठी पत्रकारितेतले जे जे अभिमानाचे म्हणून आपण सांगतो, त्यातले बरेचसे अशाच माणसांनी केले आहे.

आता पहिला आक्षेप: प्रशिक्षण आणि खंडणी. खंडणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खालचा गुन्हा आहे. बूम दाखवून पैसे मागणाऱ्यावर गुन्हा दाखल करायला वेगळ्या नोंदणीची गरज नाही, पोलिसांच्या इच्छाशक्तीची आहे. आणि पैशाचा विषय निघालाच आहे तर तो पुरा होऊ द्या. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारे, शब्दाला शब्द जुळणारे मजकूर वेगवेगळ्या नामांकित मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आले होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उजेडात आणले. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पेड न्यूजवर ७१ पानांचा अहवाल तयार केला. त्यात वृत्तपत्रांची नावे होती म्हणून तो दडपला गेला आणि केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिल्यावर २०११ मध्ये जनतेसमोर आला. या सगळ्या वृत्तपत्रांची नोंदणी होती. त्यांना संपादक होते, प्रशिक्षित उपसंपादक होते, जुने नावही होते. नोंदणीने त्यांना रोखले नाही.

तालुक्याच्या गावात काय चालते तेही पाहा. तिथल्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो. असतो तो नाममात्र मानधनाचा आकडा आणि जाहिरातीवरचे कमिशन. आमदारांचा वाढदिवस आला की पुरवणी काढायची, साखर कारखान्याच्या अध्यक्षांकडून पान मिळवायचे, दिवाळी अंकाचे उद्दिष्ट पुरे करायचे. आता त्याच कारखान्याने उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराचे पैसे, थकवली आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे आणि महिने उलटून गेले आहेत. हा वार्ताहर ती बातमी देईल? दिली तरी वरच्या कार्यालयातून ती छापून येईल? त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला पोट आहे. पण ही बातमी मग कोण देणार? ती तोच शेतकरी देतो, ज्याचे बिल अडकले आहे आणि ज्याच्या खिशात मोबाइल आहे.

कारखान्यावर काटामारी, म्हणजे वजनात चोरी, होते हा ऊस उत्पादकांचा जुना आरोप. त्याचा पुरावा कसा गोळा होतो ते पाहिले की अप्रशिक्षित म्हणजे काय याचा फेरविचार करावा लागतो. भरलेली ट्रॉली आधी बाहेरच्या खासगी वजनकाट्यावर नेतात. पावतीवरची वेळ, ट्रॅक्टरचा नंबर आणि वजन एकाच चौकटीत येईल असे चित्रीकरण करतात. मग तीच ट्रॉली वाटेत कुठेही न थांबवता कारखान्याच्या काट्यावर उभी करतात आणि तिथली पावती दाखवतात. दोन आकडे शेजारी ठेवले की बोलायचे काही उरत नाही. वर्गात शिकवतात ती पडताळणी याहून वेगळी काय असते? वेळ नोंदवली, वस्तू ओळखली, तुलना केली आणि पुरावा जसाच्या तसा समोर ठेवला. हे करणाऱ्याकडे पदविका नसेल, पण बातमीदारीचा गाभा त्याच्याकडे आहे.

आणि ओळखपत्र असून काय होते, याचे उत्तर उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्याने २०१९ मध्ये दिले. पवन जयस्वाल हे एका छापील दैनिकाचे वार्ताहर. सियूर गावच्या प्राथमिक शाळेत मुलांना माध्यान्ह भोजनात पोळीबरोबर नुसते मीठ दिले जात असल्याचे त्यांनी मोबाइलवर चित्रित केले. देशभर संताप उसळला. प्रशासनाने गुन्हा दाखल केला तो जयस्वाल यांच्यावर आणि त्यांना माहिती पुरवणाऱ्या गावकऱ्यावर. जिल्हाधिकाऱ्यांचा युक्तिवाद असा की छापील वृत्तपत्राच्या वार्ताहराने छायाचित्र काढायला हवे होते, व्हिडिओ का काढला? पुढे पोलिसांना जयस्वाल यांचे नाव वगळावे लागले. पण तो युक्तिवाद विसरू नका, कारण नोंदणीच्या मागणीचे टोक तिथेच जाते. कोणी, कोणत्या साधनाने, किती दाखवायचे हे सरकारी अधिकारी ठरवणार, आणि ताटातले मीठ बाजूला राहून चौकशी कॅमेऱ्याची होणार.

दुसरा आक्षेप अफवांचा. तो सर्वात गंभीर आहे आणि महाराष्ट्राला तो हसण्यावारी नेण्याचा अधिकार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मंगळवेढा तालुक्यातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही व्हॉट्सअॅपवरची अफवा त्यांच्या जिवावर उठली. पण त्या मजकुराला कर्ता नव्हता. कुणाचे नाव नव्हते, ठिकाण नव्हते, वेळ नव्हती, पुरावा नव्हता. नागरिक पत्रकारिता याच्या नेमकी विरुद्ध असते: मी अमुक, या जागी उभा आहे, हे घडताना पाहिले, हे पाहा. नोंदणीचा कायदा निनावी फॉरवर्डला लागूच होत नाही, कारण अफवा पसरवणारा नोंदणीला येत नाही. तो लागू होतो तो नाव-गाव सांगून बोलणाऱ्याला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच.

शिवाय विषारी खोटेपणाची मक्तेदारी मोबाइलवाल्यांकडे आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? २०२० मध्ये तबलिगी जमातीच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाल्याची नोंद केली आणि त्यांना बळीचे बकरे केल्याची शक्यता बोलून दाखवली. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वाहिन्यांच्या वार्तांकनावर जानेवारी २०२१ मध्ये याच उच्च न्यायालयाला कडक शब्दांत मर्यादा घालून द्याव्या लागल्या. या वाहिन्यांकडे परवाने होते. स्टुडिओ होते, कायदेशीर सल्लागार होते.

मग तिसरा आक्षेप: जाब कुणाला विचारायचा? जो बोलतो त्याला. बदनामीचा कायदा मोठ्या दैनिकाला लागू आहे तसा चारशे प्रेक्षकांच्या चॅनेललाही लागू आहे. द्वेष पसरवण्याचे, धमकीचे, खासगीपणाच्या भंगाचे कायदे आहेत. किंबहुना एकट्या माणसाला त्यांचा धाक जास्त असतो; एक नोटीस आली तरी वकिलाची फी त्याच्याच खिशातून जाते. उलट बड्या माध्यमांच्या उत्तरदायित्वाचे चित्र काय आहे? प्रेस कौन्सिल समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते. दंड करू शकत नाही. वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेचा दंड २०२३ मध्ये एक लाख रुपयांपर्यंत होता, आणि त्याने काय साधते असा प्रश्न त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेच विचारला.

खरा मुद्दा असा आहे की नोंदणीची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्धच बहुतेक बातम्या असतात. सरकारच्या हाती असे अधिकार गेले की काय होते, हे महाराष्ट्राने फार जवळून पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिणाऱ्या आणि त्या 'लाइक' करणाऱ्या पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ त्यासाठी वापरले गेले. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. २०२१ मध्ये नवे आयटी नियम आले. त्यांत डिजिटल बातम्यांवर आचारसंहिता आणि तिच्यावर सरकारी देखरेख होती. 'द लीफलेट' आणि निखिल वागळे यांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नियम ९ च्या त्या उपनियमांना स्थगिती दिली. मग केंद्र सरकारबद्दलची कोणती माहिती खोटी हे सरकारनेच ठरवायचे, असा 'फॅक्ट चेक युनिट'चा नियम आला. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर तोही रद्द झाला. त्याच वर्षी प्रसारण सेवा विधेयकाचा जो मसुदा निवडक लोकांना दाखवला गेला, त्यात युट्यूबवर चालू घडामोडींवर बोलणाऱ्या व्यक्तीलाही 'डिजिटल वृत्त प्रसारक' ठरवून सरकारला कळवण्याची आणि मजकूर तपासायला समिती नेमण्याची अट होती. टीका झाल्यावर मसुदा मागे घेतला. एका खोलीत बसून बोलणारा माणूस मूल्यमापन समिती कुठून नेमणार? त्याने गप्प बसावे, एवढाच त्या अटीचा व्यवहारात अर्थ होता.

राजकीय ब्लॉग आणि राजकीय चॅनेलांबद्दल आणखी एक तक्रार असते: हे लोक तटस्थ नसतात. 'केसरी' तटस्थ होता का? 'बहिष्कृत भारत' तटस्थ होता का? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांचा 'मराठा' तटस्थ होता का? उघडपणे बाजू घेणे हा मराठी पत्रकारितेचा जुना बाणा आहे. वाचकाची फसवणूक होते ती बाजू लपवल्याने, आणि त्याहून जास्त पैसा लपवल्याने. ज्या चॅनेलला पक्ष पैसे पुरवतो, ज्या पेजचा मजकूर प्रचार कंपनी लिहून देते, त्याने ते सांगितले पाहिजे. ही अपेक्षा मी कडकपणे मांडतो, आणि दैनिकांच्या मालकांकडूनही तीच ठेवतो.

कारण नागरिक पत्रकारांची बाजू घेणे म्हणजे त्यांना मोकळे रान देणे नव्हे. प्रेक्षकसंख्येवर पैसे मिळतात तिथे मथळा भडक होतो आणि 'खळबळजनक' शिवाय एकही शब्द सुचेनासा होतो. पोलिसांनी संशयित म्हटलेला माणूस व्हिडिओत थेट गुन्हेगार होतो. अत्याचारग्रस्त मुलीचे घर दाखवले जाते, जे कायद्याने गुन्हा आहे. ज्याला बातमीचा हक्क हवा त्याने बातमीची शिस्तही पाळावी: नाव द्यावे, तारीख-ठिकाण द्यावे, ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन करून त्याचे म्हणणे घ्यावे, ऐकीव आणि पाहिलेले वेगळे सांगावे, चुकले तर जिथे चुकले तिथेच दुरुस्ती करावी.

ही शिस्त सरकारशिवाय येऊ शकते. २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये सुरू झालेल्या 'सीजीनेट स्वरा'चे काम पाहा. गोंडी बोलणारा माणूस साध्या फोनवरून संपर्क साधतो, एक दाबून आपली बातमी सांगतो, दोन दाबून इतरांच्या ऐकतो. इंटरनेट नको, लिहिता येण्याचीही गरज नाही. सांगितलेले लगेच प्रसारित होत नाही. कार्यकर्ते ते तपासतात आणि मगच पुढे जाऊ देतात. तिकडे बुंदेलखंडात २००२ पासून 'खबर लहरिया'च्या ग्रामीण, बहुतांश दलित स्त्रियांनी आधी वृत्तपत्र चालवले आणि मग मोबाइल हाती घेतला. मोठ्या माध्यमांचा प्रतिनिधी जिथे क्वचित जातो, तिथली बातमी या बायकांनी दिली. दोन्ही ठिकाणी गुणवत्ता आली ती संपादनातून, परस्परांच्या तपासणीतून आणि सरावातून. परवान्यातून आली नाही.

नोंदणीवाल्यांनी ज्या प्रश्नाला हातही घातलेला नाही, तो जिवाचा आहे. राजापूरचे शशिकांत वारिशे नोंदणीकृत दैनिकात लिहीत होते. बारसू रिफायनरीच्या वादात एका जमीन दलालाबद्दल त्यांची बातमी ६ फेब्रुवारी २०२३ रोजी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले. खुनाच्या आरोपाखाली अटक झाली ती त्याच दलालाला. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या बिजापूरमध्ये मुकेश चंद्राकर 'बस्तर जंक्शन' हे युट्यूब चॅनेल चालवत. दीड लाखांहून अधिक लोक ते पाहत. एप्रिल २०२१ मध्ये माओवाद्यांच्या ताब्यातल्या सीआरपीएफ जवानाला सोडवून आणण्यात त्यांचा हात होता. रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार चव्हाट्यावर आल्यानंतर, ३ जानेवारी २०२५ रोजी त्यांचा मृतदेह एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टाकीत सापडला. एकाकडे दैनिक होते, दुसऱ्याकडे चॅनेल. जीव दोघांचाही गेला, आणि तो बातमीपायी गेला अशीच भावना दोन्हीकडच्या लोकांची आहे.

महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा संमत केला. तो स्वागतार्ह आहे, पण त्याची पत्रकाराची व्याख्या नोकरीवर टेकलेली आहे: माध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी काम करणारा तो पत्रकार. काटामारी चित्रित करणारा शेतकरी, वाळूउपशाचा व्हिडिओ काढणारी महिला, महापालिकेच्या निविदांवर ब्लॉग लिहिणारा निवृत्त अभियंता यांपैकी कुणीही त्या व्याख्येत बसत नाही. त्यांना मारहाण झाली तर ती साधी हाणामारी ठरते.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. २०१७ च्या कायद्यातली व्याख्या बदला. सार्वजनिक हिताची माहिती जाहीर करण्याच्या कृतीला संरक्षण द्या, मग ती करणारा नोकरीत असो वा नसो. सार्वजनिक ठिकाणी, ग्रामसभेत, सरकारी कामाच्या जागेवर चित्रीकरण करणाऱ्याला अडवणारा अधिकारी शिस्तभंगाला पात्र ठरवा. खंडणी, बदनामी, द्वेष यांसाठी असलेले कायदे सर्वांना सारखे लावा, मग समोर बड्या समूहाचा मालक असला तरी. आणि पत्रकार संघांनी आपल्या सभासदत्वाची दारे या नव्या बातमीदारांना उघडावीत, त्यांना शिकवावे आणि चुकले तर जाहीर कान धरावा. दार लावून घेऊन सरकारकडे कुलूप मागणाऱ्या संघटनांनी एवढे ध्यानात ठेवावे: आज मोबाइलवाल्यासाठी बनवलेला परवाना उद्या दैनिकाच्या संपादकालाही मागितला जाईल, आणि तो नाकारला गेला तर त्याच्या बाजूने बोलणारे आधीच गप्प केलेले असतील.